ग्रंथालय : लोकशिक्षणाचे आणि लोकसंमेलनाचे स्थान

परभणी येथील गणेश वाचनालयाची स्थापना १९०१ साली झाली. परभणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता. कचेरीचा कारभार उर्दूतून चाले. पुढे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचे माध्यमही उर्दूच ठरले. जिल्ह्यातील बहुसंख्य रयतेची भाषा मात्र मराठी. सरकारी कागद एका भाषेत आणि घरातील पोथी दुसऱ्या भाषेत, अशा अवस्थेत हा मुलूख दीर्घकाळ राहिला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग शतकाच्या याच वळणावर सुरू झाला आणि पुण्या-मुंबईची मराठी वृत्तपत्रे या भागात लवकर पोहोचणे शक्य झाले. अशा काळी परभणीसारख्या गावात मराठी वाचनालय काढणे ही हौसेपेक्षा बरीच मोठी गोष्ट होती. आपल्या भाषेतील चार पुस्तके आणि ती वाचणारी चार माणसे एका छताखाली यावीत, अशी त्यामागील मागणी होती. ती ऐकावयास साधी असली तरी त्या राजवटीत सोपी नव्हती.

लक्षात घेण्याजोगा योगायोग असा की, त्याच १९०१ साली खुद्द हैदराबाद शहरात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय स्थापन झाले. तेलंगणातील ग्रंथालय चळवळ आणि तेथील राजकीय जागृती यांचा संबंध इतिहासकारांनी वारंवार दाखविला आहे. मराठवाड्यातील वाचनालयांचे कार्य तितके नोंदले गेले नाही, तथापि ते त्याच जातीचे होते.

हे स्मरण करून देण्याचे कारण वेगळे आहे. 'आधुनिक सार्वजनिक ग्रंथालय' या विषयावर अलीकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याचा एकंदर सूर असा असतो की, ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचे कोठार ही कल्पना आता मागे पडली असून लोकांनी एकत्र यावे, शिकावे, चर्चा करावी, काही हस्तकौशल्य आत्मसात करावे असे ते सार्वजनिक स्थान झाले आहे. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेल्या 'ओओडी' या मध्यवर्ती ग्रंथालयाचा दाखला या संदर्भात दिला जातो. तेथे पुस्तकांचे दालन वरच्या मजल्यावर आहे. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रे, त्रिमितीय मुद्रणयंत्रे, संगीताच्या खोल्या आणि कामाची टेबले आहेत. ही व्यवस्था कौतुकास्पद खरी. परंतु मराठवाड्यातील वाचकाला त्यामागील तत्त्व नवे वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील वाचनालये मुळात भेटीची ठिकाणे म्हणूनच निघाली. ती कपाटांपुरती आणि नोंदवह्यांपुरती आकसली, ते पुढच्या काळात. आज जे करावयाचे आहे ते परदेशातून आणावयाचे नसून आपल्याच घरातील एक जुनी रीत पुन्हा चालू करावयाची आहे, एवढे या लेखात मांडावयाचे आहे.

बंदीच्या काळातील वाचनालये

हैदराबाद संस्थानात सभा-संमेलनांवर कडक निर्बंध होते. 'गश्ती निशाण ५३' या नावाने ओळखले जाणारे फर्मान जुन्या पिढीच्या चांगलेच स्मरणात होते. सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. ज्या समाजाला सभा भरविण्याची मुभा नाही, तो एकत्र येण्याच्या इतर वाटा शोधतो. गणेशोत्सव, व्यायामशाळा, खाजगी शाळा आणि वाचनालये या मराठवाड्याने शोधलेल्या वाटा होत. वाचनालयात दहा माणसे बसली असतील तर ती वृत्तपत्र वाचावयास बसली आहेत. आणि एकजण मोठ्याने वाचतो आहे व इतर ऐकत आहेत, याला सभा म्हणणे कोणालाही अवघडच जाई!

१९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ साली जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा ते तिकडे गेले. अशी अधिवेशने आकाशातून पडत नाहीत. ठराव समजणारी, त्यावर बोलू शकणारी, बाहेरच्या जगात काय चालले आहे हे ठाऊक असणारी माणसे गावोगावी आधी तयार व्हावी लागतात, आणि त्यासाठी लागणारे वृत्तपत्र प्रत्येकाच्या घरी येण्याचे ते दिवस नव्हते. दि. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले. त्या दिवसापर्यंतच्या वाटचालीत वाचनालयाच्या ओसरीचा वाटा किती, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ठेवावयास हवा होता.

कायदा आला, संख्या वाढली

मुक्तीनंतर हैदराबाद राज्याने १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. स्वतंत्र भारतात मद्रास राज्याच्या १९४८ च्या कायद्यानंतरचा हा दुसरा प्रयत्न. (कोल्हापूर संस्थानाने तर स्वातंत्र्यापूर्वीच, १९४५ साली, असा कायदा केला होता ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे.) परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७' संमत झाला, १९६८ च्या मे महिन्यात ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले आणि १९७० च्या नियमांनी अनुदानाची पद्धत घालून दिली.

या अधिनियमाचे एक वैशिष्ट्य पंचायत सदस्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. काही राज्यांनी ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसविला आणि शासकीय ग्रंथालयांचे जाळे उभारण्याचा मार्ग स्वीकारला. महाराष्ट्राने उपकर बसविला नाही. लोकांनी संस्था काढावी, ती लोकांनी चालवावी, शासनाने तिला मान्यता द्यावी आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यावे, असा येथील मार्ग आहे. रत्नागिरीचे १८२८ मधील, नाशिकचे १८४० मधील आणि पुण्याचे १८४८ मधील वाचनालय ज्या लोकप्रेरणेतून निघाले तिच्यावर ठेवलेला हा विश्वास होय. त्या विश्वासाचे फळही मिळाले. राज्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या सुमारे बारा हजारांवर गेली. खेड्यापाड्यांत वाचनालयाचा फलक दिसू लागला.

तथापि अनुदान देणाऱ्यास काहीतरी मोजावे लागते, आणि मोजता येते तेवढेच मोजले जाते. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, वृत्तपत्रे व नियतकालिके किती, दरवाजा किती तास उघडा, कर्मचारी किती, या सर्व गोष्टी मोजता येतात, आणि त्या मोजल्याच पाहिजेत. सार्वजनिक पैशाचा तो हिशेब आहे. अडचण येते ती पुढे. दाखल नोंदवहीत पाचशे पुस्तके आहेत, परंतु त्यांपैकी गेल्या वर्षी हललेली किती, हे पाहणाऱ्याला पुस्तकांच्या पानांची घडी उलगडून पाहावी लागते. मार्च महिन्यात घाईने झालेली खरेदी कपाटात जशी आली तशी राहते. शेतकऱ्यांच्या दृष्टीने मार्च हा रब्बीच्या काढणीचा महिना. काही ग्रंथालयांच्या दृष्टीनेही तो सुगीचाच म्हणावा लागेल. अनेक वाचनालये मोठ्या निष्ठेने चालतात हे कोणीही मान्य करील. परंतु ज्या गावात फलक आहे आणि वाचक नाही, तेथे कागदपत्रे बहुधा पूर्णच असतात. दोष लोकांच्या वाचनाच्या आवडीत आहे असे मानून स्वस्थ बसण्यापूर्वी, आपण त्या जागेला काय बनविले आहे हे पाहणे इष्ट.

बडोद्याचा धडा

या बाबतीत मराठी माणसाला सर्वांत जवळचा आणि सर्वांत मोठा धडा बडोद्याचा आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर आले, आणि अमेरिकेतील ग्रंथालये प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० साली आपल्या राज्यात आणले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे बडोद्यात होते. त्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचे प्रशिक्षण आणि गावोगावची वाचनालये यांची एक सलग रचना उभी राहिली. तिच्यातील दोन गोष्टी आजही उपयोगी पडणाऱ्या आहेत.

पहिली म्हणजे खर्चाची वाटणी. गावकऱ्यांनी एक ठराविक रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच राज्याने घालावयाची. म्हणजे वाचनालयात गावाचाही हिस्सा असे, आणि ज्यात आपला पैसा आहे त्या जागेचे दार बंद दिसले तर गावकरी विचारपूस करतोच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न बडोद्याने टाळला नाही. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत, हे तर पुष्कळांना ठाऊक असते. त्यांच्याबरोबर ग्रंथालय खात्याची एक दृश्यशिक्षण शाखाही होती. तिची माणसे खेड्यात जाऊन पडद्यावर चित्रे दाखवीत आणि ती समजावून सांगत. निरक्षर माणूस हाही ग्रंथालयाचा वाचक आहे, असे त्या काळी मानले गेले! शंभर वर्षांनंतरही आपल्यापैकी पुष्कळ ग्रंथालयांना ही मजल गाठावयाची आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली युनेस्कोच्या साह्याने सुरू झालेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाने हेच सूत्र शहरात चालविले. चर्चामंडळे, व्याख्याने, नाटके आणि चित्रपट यांसाठी तेथे समाजशिक्षणाचा स्वतंत्र विभाग होता, आणि फिरत्या मोटारीतून पुस्तके वस्त्यांपर्यंत जात.

पोथीची बैठक

बडोदा आणि दिल्ली दूर वाटत असतील तर परभणी जिल्ह्यातीलच एक प्रथा पाहू. श्रावणात किंवा चातुर्मासात गावच्या देवळात पोथी लावतात. एकजण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नसतानाही ते महिनोन्‌महिने एक मोठा ग्रंथ ऐकून पुरा करतात. शंका विचारतात. उदाहरणे देतात. गंगाखेड ही संत जनाबाईची भूमी. तिचे अभंग या प्रदेशातील स्त्रियांनी पुस्तकातून घेतले त्याहून अधिक एकमेकींच्या तोंडून घेतले. सामूहिक वाचनाची इतकी बळकट परंपरा ज्या समाजात आहे, त्याला वाचनाची गोडी नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. ही बैठक वाचनालयात का येऊ नये? विषय फक्त बदलावयाचा. पीकविम्याचे परिपत्रक, सोयाबीनवरील किडीची माहिती देणारी पुस्तिका, जन्मनोंदीचे नियम, एखादी चांगली कथा, यांपैकी काहीही अशा बैठकीत वाचता येते. एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा असला की झाले. शासकीय परिपत्रकाला अर्थ सांगणारा पोथीपेक्षा अधिक लागतो, हे या लेखकाने स्वानुभवाने सांगावयास हरकत नसावी.

परभणीत यासाठी लागणारी सामग्री हाताशी आहे. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. 'परभणी मोती' सारखे ज्वारीचे वाण ज्या जिल्ह्यात संशोधिले गेले, त्या जिल्ह्यातील गावच्या वाचनालयात विद्यापीठाची कृषी दैनंदिनी आणि पुस्तिका दिसू नयेत, हे विसंगत आहे. विद्यापीठाचा विस्तार कार्यकर्ता किंवा कृषी सहायक महिन्यातून एक संध्याकाळ वाचनालयात बसला, तर शेतकऱ्याला प्रश्न घेऊन कोठे जावे हे समजेल आणि कार्यकर्त्यालाही घरोघर फिरावे लागणार नाही. दवाखान्यातील परिचारिका, तलाठी, शाळेचे मुख्याध्यापक यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. ठराविक वार, ठराविक वेळ आणि ठराविक जागा, एवढ्याने पुष्कळ काम होते.

आज आत कोण येतो?

जिल्ह्यातील बऱ्याच वाचनालयांत सध्या सर्वाधिक दिसणारा वर्ग स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांचा आहे. घरी दोन खोल्या, त्यात सात माणसे. मग अभ्यासासाठी शांत जागा कोठून मिळावी? वाचनालयातील एक टेबल, एक दिवा आणि एक पंखा या मुलांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. काही जुन्या सभासदांची तक्रार असते की, ही मुले ग्रंथालयाची पुस्तके वाचीत नाहीत, आपली पुस्तके आणून वाचतात, आणि वाचनकक्ष अडवून ठेवतात. तक्रार खरी आहे. पण तिचा निष्कर्ष चुकीचा काढला जातो. जी मुले रोज आठ तास ग्रंथालयात बसतात त्यांच्यासमोर चांगली पुस्तके ठेवण्याची संधी दुसऱ्या कोणत्या संस्थेला मिळते? मराठी विश्वकोश आज संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही आहे. जिल्ह्याचे १९६७ साली प्रसिद्ध झालेले गॅझेटिअर किती परीक्षार्थींनी उघडून पाहिले आहे? आपल्या तालुक्याचा इतिहास मुलाखतीत विचारला गेला की मग त्याची आठवण होते. सातोना येथे जन्मलेले आणि परभणीत बांधकाम खात्यात नोकरी करीत कविता-कादंबऱ्या लिहिणारे बी. रघुनाथ (१९१३-१९५३) यांची पुस्तके तर जिल्ह्यातील प्रत्येक वाचनालयात समोरच दिसली पाहिजेत. परभणीने १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले. त्या गावाला वाङ्मयाचे अगत्य नाही असे कोण म्हणेल?

आत कोण येत नाही, हा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार आणि साक्षरता सुमारे ७३ टक्के होती. पुरुष व स्त्रिया यांच्या साक्षरतेतील अंतर वीस टक्क्यांच्या आसपास होते. आकडे पुढील जनगणनेत सुधारतील. परंतु साक्षर म्हणून गणली गेलेली, दहावीपर्यंत शिकून लग्न झालेली मुलगी पुढे किती वाचते? तिच्या हाती छापील मजकूर येतो तो बहुधा किराणा बांधून आलेल्या कागदाचा. शिकलेली अक्षरे वापराविना गंजतात. प्रौढशिक्षणाच्या कामात ज्यांनी वर्षे घालविली त्या सर्व शिक्षकांना हे माहीत आहे. वाचनालय चावडीत किंवा पाराशेजारी असेल आणि तेथे दिवसभर पुरुषांची बैठक असेल, तर स्त्री आत येणार नाही. फलकावर 'महिलांचे स्वागत आहे' असे लिहून तो प्रश्न सुटत नाही. दुपारी दोन ते चार ही वेळ फक्त स्त्रियांची ठेवावी, बचत गटाची मासिक बैठक वाचनालयातच घ्यावी, जेथे ते शक्य नसेल तेथे अंगणवाडीत पुस्तकांची एक पेटी ठेवावी. आई आली की मूल येतेच. बालविभागासाठी वेगळी योजना करण्याचीही मग फारशी गरज राहत नाही. चटई आणि चित्रांची पुस्तके पुरतात.

गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतील अनेक तांडे आणि वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वाचनालयाचे वार्षिक वेळापत्रक करताना ही गोष्ट कोणी विचारात घेतल्याचे क्वचितच आढळते. व्याख्यानमाला, बालमेळावा, ग्रंथप्रदर्शन हे सारे हिवाळ्यात होते आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे ती मुले तेव्हा कारखान्याच्या कोपीवर असतात. एप्रिल-मे हा शाळेच्या सुटीचा आणि या मुलांच्या परतीचा काळ. नेमके तेव्हाच पुष्कळ वाचनालयांत सामसूम असते. टोळी निघताना वीस-पंचवीस पुस्तकांची पेटी मुकादमाबरोबर पाठविता येईल काय? पुस्तके हरवतील, फाटतील, भिजतील. हे गृहीत धरावे. कपाटात सुरक्षित राहून वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांपेक्षा ती हानी निश्चितच कमी आहे.

पंचायतीचे काम

ग्रंथालय हा विषय पंचायतीचा नाही, तो त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा आहे, अशी समजूत अनेक सदस्यांची असते. ती बरोबर नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानास जी अकरावी अनुसूची जोडली, तिच्यातील विसावा विषय 'ग्रंथालये' हाच आहे. प्रौढ व अनौपचारिक शिक्षण हा त्याच्या अगोदरचा आणि सांस्कृतिक कार्यक्रम हा त्याच्या पुढचा. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीतही ग्रंथालये व वाचनालये यांचा समावेश आहे. प्रतिवर्षी तयार होणाऱ्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात वाचनालयासाठी एक ओळ घालण्यास कोणाची आडकाठी नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०१९ साली आपली पाच हजारांहून अधिक ग्रामीण ग्रंथालये ग्रामविकास व पंचायतराज विभागाकडे दिली आणि त्यांना 'अरिवु केंद्र', म्हणजे ज्ञानकेंद्र, असे नाव दिले. आपला मार्ग वेगळा असला तरी पंचायतीने हात घातला म्हणजे काय घडू शकते हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको.

पैशापेक्षाही पंचायतीच्या हाती असलेली मोठी गोष्ट म्हणजे जागा. गावात समाजमंदिर असते, त्याला वर्षातून चार वेळा कुलूप निघते. पंचायतीची नवी इमारत झाली की जुनी ओस पडते. शाळेच्या खोल्या पाचनंतर रिकाम्याच असतात. वाचनालयाला मोठी वास्तू लागत नाही. बसावयास स्वच्छ जागा, पिण्याचे पाणी, स्त्रियांना वापरता येईल असे स्वच्छतागृह, आणि विजेचे बिल भरण्याची जबाबदारी कोणाची याबद्दल स्पष्ट ठराव हवा. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते. परंतु थकलेल्या बिलामुळे वीज तुटली की संध्याकाळचे वाचनालय त्याच दिवशी संपते. जेथे संस्था नाही, मान्यता नाही, अनुदान नाही, तेथेही पंचायतीने दोन वृत्तपत्रे, एक बाक आणि एक दिवा यांवर आरंभ करावा. १९०१ साली याहून फार अधिक सामग्री कोणापाशी होती असे नाही.

ग्रंथपाल

या साऱ्याचा भार अखेर एका माणसावर पडतो. खेड्यातील ग्रंथपाल बहुधा अर्धवेळ काम करतो आणि त्याला मिळणारे मानधन शेतमजुरीच्या दराशी तुलना करण्याजोगेही नसते. या सेवकांना वेतनश्रेणी व सेवाशर्ती लागू कराव्यात अशी मागणी जुनी आहे आणि व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींचा उल्लेख त्यांच्या प्रत्येक अधिवेशनात होतो. अलीकडे, २०२२-२३ पासून, शासनाने अनुदानाच्या दरात ६० टक्के वाढ केली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मूळ रक्कमच लहान असल्यामुळे वाढीनंतरही ड वर्गाच्या वाचनालयातील सेवकाचा संसार तिच्यावर चालत नाही. ज्याच्याकडून आपण बैठक भरविण्याची, अर्थ सांगण्याची, स्त्रियांना आणि मुलांना आत आणण्याची अपेक्षा करतो, तो स्वतः दुपारी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहीत असेल, तर दार बंदच राहणार. येथे पंचायत आणि ग्रामस्थ यांनी बडोद्याच्या पद्धतीने आपला हिस्सा घालण्यास वाव आहे. गावजत्रेसाठी वर्गणी गोळा होते, तिचा लहानसा भाग ग्रंथपालाच्या मानधनासाठी राखून ठेवणे कोणत्याही गावाला अशक्य नाही.

ग्रंथालय प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्र वर्गात वर्गीकरण, तालिकीकरण आणि नोंदवह्या शिकविल्या जातात. त्या आवश्यकच आहेत. त्यांच्या जोडीला ग्रंथपालाने आणखी एक वही ठेवावी, ती प्रश्नांची. आलेल्या माणसाने काय विचारले, ते तारखेनिशी एका ओळीत लिहावे. विचारणाऱ्याचे नाव लिहू नये, म्हणजे कोणी संकोच करणार नाही. विहिरीच्या अनुदानाचा अर्ज, मुलीच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, कापसावरील बोंडअळी, वारसनोंद, आजीला ऐकावयाचा एखादा जुना अभंग, काहीही असो. पुढच्या रकान्यात उत्तर कोठे मिळाले ते लिहावे, आणि मिळाले नसेल तर रकाना मोकळा सोडावा. वर्षाच्या खरेदीची यादी करताना कार्यकारी मंडळाने हे मोकळे रकाने समोर ठेवावेत. निरीक्षणास येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही दाखल नोंदवहीच्या आधी ही वही मागावी.